काठवटीसाठी लेथ

आजी गेली त्या वर्षी मी तिची काठवट पहिल्यांदा उलटी करून पाहिली. तोवर मला तिची वरचीच बाजू ठाऊक होती. मधला भाग घासून घासून गुळगुळीत झालेला, कडेला ज्वारीच्या पिठाचा पांढरट थर कायमचा बसलेला. पाठ मात्र वेगळंच सांगत होती. वाकसाने तासलेल्या लाकडावर घावांचे चपटे पैलू राहतात, तसे इथे नव्हते. इथे बारीक रेघा होत्या, एकात एक, विहिरीत खडा टाकल्यावर उठतात तशा, आणि बरोबर मधोमध बोटाचं टोक बसेल एवढा खळगा. म्हणजे ही काठवट तासलेली नव्हती, कातलेली होती. कुणीतरी सोळा इंची लाकडी ठोकळा मधल्या टोकावर पेलून गरगर फिरवला होता आणि त्याला धारेचं हत्यार लावलं होतं.

कुणी, ते घरात कुणाला सांगता येईना. गावात सुतार होते, त्यांची नावं निघाली. कातारी कुणाला आठवला नाही. कातारी म्हणजे लाकूड फिरवून कातणारा कारागीर. शब्द इतका मागे पडलाय की 'कातणे' म्हटलं की आता सूत आठवतं किंवा कोळी. पण त्याच क्रियापदाचं विशेषण आपण रोज वापरतो. कातीव चेहरा, कातीव बांधा, कातीव खांब. देवळातल्या त्या गोल, कड्याकड्यांच्या खांबांना आपण कातीव म्हणतो ते त्यांच्याकडे पाहिल्यावर चरकावर फिरलेल्या लाकडाची आठवण होते म्हणून. आपल्या भागातल्या कल्याणी चालुक्यांच्या काळातल्या मंदिरांमध्ये दगडाला आलेली ती गोलाई पाहताना हात आपोआप त्यावरून फिरतो.

लाकूड कातायचं यंत्र, म्हणजे लेथ, घ्यायचं मनात आलं ते त्या काठवटीमुळे, आणि घरामागे रचून ठेवलेल्या लाकडांमुळे. आजोळ लोहारा तालुक्यातलं. माळवदाचं घर, सात खणांचं. खाली दगडी उथळी, त्यावर खांब, खांबांवर हस्त, हस्तांवर तुळया, तुळयांवर किलचण आणि वर मातीचा जाड थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाहून दमून आलेली माणसं झोपेत असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं सकाळपर्यंत ढिगारे झाली. हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माथ्यावरचं मातीचं ओझं, या दोघांनी माणसं मारली. पण काही घरांत एक गोष्ट दिसली. भिंती बाहेर कोसळल्या आणि आत लाकडी खणांचा सांगाडा तसाच उभा राहिला. आजोळच्या घराचे तीन खण असेच उभे होते. बावन्न गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं, नवी घरं मिळाली. जुन्या घरांतली लाकडं कुणी विकली, कुणी चुलीला घातली, कुणी सांभाळली. आमच्याकडे ती तीस वर्षं पत्र्याखाली होती. साग होता, बाभळ होती, लिंबाच्या दोन जाड तुळया होत्या.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात लाकडाचा प्रश्न असाच सुटतो. बालाघाटाच्या पठारावर, पर्जन्यछायेत पसरलेला हा मुलूख. जंगल नावापुरतं. जे आहे ते बांधावर: बाभळ, हिवर, लिंब, चिंच, बोर, आणि इंधनासाठी वाढवलेली सुबाभूळ. म्हणून लेथ घेताना यंत्रांच्या यादीआधी स्वतःच्या बांधाकडे पाहावं, असं मी आज प्रत्येकाला सांगतो. ज्या लाकडावर काम करायचं तेच यंत्र ठरवतं. सावंतवाडीला किंवा कर्नाटकात चन्नपट्टणला जे हलकं, मऊ, पांढरं लाकूड वापरतात, त्याला छोटी मोटर पुरते. सुकलेल्या बाभळीला ती पुरत नाही. गाड्याच्या चाकाचा तुंबा, औताचे भाग, तेलघाण्याचे भाग ज्या लाकडाचे करायचे ते लाकूड उगीच दमदार म्हणून निवडलेलं नाही.

हे कळायला मला एक चुकीचं यंत्र घ्यावं लागलं.

पहिलं यंत्र छोटं होतं, टेबलावर ठेवायचं, चाळीस किलोंचं. वापरलेलं मिळालं, स्वस्तात. लाटणी त्यावर चांगली झाली, हे खरं. मग धीर चेपला आणि मी लिंबाच्या तुळईचा आठ-नऊ इंची तुकडा त्यावर चढवला. तुकडा एका बाजूला जड होता, कारण त्या बाजूला गाठ होती. बटण दाबलं तसं टेबल थरथरायला लागलं, मग सरकायला लागलं. मी घाबरून हत्यार पुढे केलं आणि धार लाकडात रुतली. मोटर गुरगुरून थांबली, तुकडा सुटला आणि माझ्या कानाजवळून जाऊन पत्र्यावर आदळला. तोंडावर काही नव्हतं, ना ढाल, ना चष्मा. त्या दिवशी काही झालं नाही ते केवळ मी अर्धं पाऊल डावीकडे उभा होतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी ते यंत्र दाखवायला एका जुन्या सुतारमामांना घेऊन आलो. मामांनी यंत्राकडे पाहिलंच नाही, आधी टेबल हलवून पाहिलं.

"किती वजन याचं?"

"चाळीस किलो, मामा."

"अन् लाकूड?"

"असंल सात-आठ."

"मंग आठ किलोचं गबाळं चाळीस किलोच्या पाठीवर नाचवायलाव तुमी. बैल हलका असला की औत त्येलाच वढतंय."

लेथ निवडण्याबद्दल मी नंतर पुष्कळ वाचलं, पुष्कळ जणांशी बोललो. पण या एका वाक्याइतकं नेमकं मला कुणी सांगितलं नाही. फिरणारं लाकूड सुरुवातीला कधीच गोल नसतं. जड बाजू प्रत्येक फेऱ्याला यंत्राला हिसका देते. तो हिसका जिरवायला बिडाचं वजन लागतं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते पत्र्यापेक्षा किंवा पोलादी पट्ट्यांपेक्षा कंपन जास्त गिळतं, म्हणून चांगल्या लेथचा पाट बिडाचा असतो. अमेरिकेतल्या पॉवरमॅटिकच्या २० इंची लेथचं वजन तीनशे किलोंच्या वर जातं ते उगीच नाही. आपल्याला तेवढा लेथ परवडत नाही आणि लागतही नाही. पण शंभर किलोंच्या आतलं यंत्र असेल तर ते जमिनीत पक्क्या केलेल्या चौथऱ्यावर बोल्टने जखडावं, किंवा खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवावीत. वाळू स्वस्त आहे आणि ती मुकाट काम करते.

मग यंत्र किती मोठं? इथे बाजारात दोन भाषा बोलल्या जातात आणि नवा माणूस फसतो. आपल्याकडचा विक्रेता 'सेंटर हाइट' सांगतो, म्हणजे पाटापासून फिरत्या टोकापर्यंतची उंची. परदेशी कंपन्या 'स्विंग' सांगतात, म्हणजे मावणारा पूर्ण व्यास. सहा इंची सेंटर हाइट आणि बारा इंची स्विंग ही एकच गोष्ट. शिवाय तो आकडाही पूर्ण हाती लागत नाही. हत्यार टेकवायचा आधार, म्हणजे टूलरेस्ट, ज्या पायावर बसतो तो पाय लाकडाखालून सरकावा लागतो. सोळा इंची लेथवर साडेचौदाच्या पुढे निवांत काम होत नाही. आजीची काठवट सोळाची होती. तेवढी कातायची तर मला अठरा-वीस इंचांचा लेथ लागला असता, आणि त्याची किंमत ऐकल्यावर मी मुकाट बसलो.

मी महिनाभर रोज संध्याकाळी वहीत लिहीत होतो की मला काय काय करायचंय. लाटणं: फार तर पंधरा इंच लांब, दोन इंच जाड. रवी: लांब दांडा, खाली फुलासारखी कापलेली. कुंकवाचा करंडा, झाकणाचा, कारण तुळजापूर हाकेच्या अंतरावर आहे आणि घरातला लाकडी करंडा उललेला आहे. पाळण्याचे आणि चौरंगाचे खूर. भोवरे, पुतण्यांसाठी. आणि काठवट. यादी पाहिल्यावर कळलं की यातल्या प्रत्येक वस्तूला यंत्राचा वेगळा भाग लागतो. लाटणं आणि खूर दोन टोकांमध्ये धरून होतात, त्यांना पाटाची लांबी हवी. करंडा एका बाजूनेच धरावा लागतो, कारण तो आतून पोखरायचा असतो. त्याला चांगला चक, म्हणजे लाकूड पकडणारे जबडे, हवा. काठवटीला व्यास हवा आणि हळू फिरतानाही न थांबणारी मोटर हवी.

वेगाचा हिशोब कारागीर असा करतात: लाकडाचा व्यास इंचात घ्या, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा. उत्तर सहा ते नऊ हजारांत असावं. दोन इंची लाटण्याला त्या हिशोबाने तीन हजारांच्या पुढे जाता येतं, नवशिक्याने दोन हजारांवरच राहावं. चौदा इंची काठवटीला ४३० ते ६४० पुरे, आणि ती अजून ओबडधोबड असेल तेव्हा २५०-३०० पासून सुरुवात. हे आकडे लहान वाटतात. पण चौदा इंची काठवट मिनिटाला सहाशे फेऱ्यांनी फिरली तर तिची कड ताशी चाळीस किलोमीटरने धावत असते. मोटारसायकलचा वेग, आणि आपण त्यापासून वीतभर अंतरावर हातात धार घेऊन उभे. म्हणून ज्या लेथचा सर्वांत कमी वेग सात-आठशे आहे त्यावर मोठी वस्तू चढवू नये. छोट्या लेथचा अवगुण नेमका हाच असतो.

आता विजेचं. आमच्या भागात संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की दाब उतरतो. साध्या इंडक्शन मोटरची ओढ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० व्होल्टचे १८० झाले तर ओढ साठ टक्क्यांच्या आसपास येते. एक अश्वशक्तीची मोटर विकत घेतलेली असते आणि हातात येते ती निम्म्याहून थोडी जास्त. या प्रश्नावर मला सापडलेला सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे तीन फेजची दीड अश्वशक्तीची मोटर आणि तिच्यापुढे व्हीएफडी. ही पेटी घरातली एक फेज घेते आणि मोटरला तीन फेज देते. वरून गोल बटण फिरवून वेग हवा तसा कमीजास्त करता येतो. एक सावधगिरी मात्र घ्यावी. नुसत्या बटणावर वेग खाली आणला की ओढीचा जोरही पाहिजे तसा राहत नाही. म्हणून पट्टा बदलायच्या दोन-तीन पुल्या असलेलाच लेथ घ्यावा. काठवटीसाठी पट्टा हळू पुलीवर टाकायचा, मग बटण. सायकलचा गिअर आणि पाय यांच्यातलं नातं इथेही तेच आहे.

यंत्र कुठून? महाराष्ट्राचा आणि लेथचा संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. पुढे १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली आणि तिथे बनलेले लेथ देशभरातल्या कारखान्यांत गेले. ते लोखंड कातायचे. लाकडाचा लेथ मात्र आपल्याकडे कधी मोठा धंदा झाला नाही. आजही स्वस्त आणि जड देशी लेथ हवा असेल तर राजकोट किंवा बटाला या लेथ बनवणाऱ्या गावांकडे पाहावं लागतं. नाहीतर आयात केलेला जेट, नोव्हा, रेकॉर्ड पॉवर. आयात यंत्रं देखणी असतात, अचूक असतात, आणि एखादा भाग बिघडला तर महिनोन्महिने वाट पाहायला लावतात. देशी यंत्राचा पट्टा, बेअरिंग, मोटर धाराशिवात मिळते. मी देशी घेतलं. आठ इंची सेंटर हाइट, चार फुटी बिडाचा पाट. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचे जे लेथ असतात त्यांच्या ओळखीचा चेहरा. तिथल्या निदेशकांनी मला दोन गोष्टी करून पाहायला लावल्या, त्या इथे सांगतो.

एक: दोन्ही बाजूंची टोकं, फिरत्या बाजूच्या हेडस्टॉकचं आणि समोरच्या टेलस्टॉकचं, एकमेकांना भिडवून पाहावीत. सुईला सुई लागते तशी ती लागली पाहिजेत. केसभर जरी वर-खाली असली तरी लाटण्याला भोक पाडताना ते तिरकं जातं. दोन: लेथ सुरू करून हेडस्टॉकवर एक रुपयाचं नाणं कडेवर उभं करावं. ते उभं राहिलं तर बेअरिंग आणि पुली नीट आहेत. आम्ही पाहिलेल्या पहिल्या दोन यंत्रांवर नाणं दोनदा घरंगळलं. तिसऱ्यावर ते उभं राहिलं, आणि वेग वाढवल्यावरही उभंच होतं.

मी तिसरं घेतलं आणि तिथेच आणखी एक चूक केली, ती दुसऱ्याने करू नये. फिरत्या टोकाचे आटे मोजले नाहीत. चक या आट्यांवर बसतो. जगात प्रचलित असलेले माप म्हणजे एक इंचाला आठ आटे, किंवा युरोपातला ३३ मिलिमीटरचा साडेतीनचा आटा. माझ्या यंत्राचे आटे या दोहोंपैकी कुठलेच नव्हते. मी न्यूझीलंडच्या नोव्हाचा चार जबड्यांचा चक मागवला, तो आला, आणि बसेना. शेवटी लोखंड कातणाऱ्या एका टर्नरने मला मधली जोडबुशी कातून दिली, तिचा खर्च आणि गेलेला आठवडा वाचवता आला असता. चक कुठलाही घ्या, नोव्हा, ऑस्ट्रेलियाचा विकमार्क, कॅनडाचा वनवे. आधी आटे मोजा. टेलस्टॉकची निमुळती भोकं मोर्स टेपरची, छोट्या लेथवर एक नंबर, मोठ्यावर दोन नंबर. दोन नंबर असेल तर पुढे सगळं सोपं जातं.

चक हवाच का, असं मला सावंतवाडीत चितारआळीतल्या एका कारागिरांनी विचारलं. त्यांचं सारं आयुष्य लाकूड कातण्यात गेलेलं. तिथे ठोकळा पोकळ चकात हातोडीने ठोकून बसवतात आणि पुढचं टोक मोकळं राहतं. मग लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबायची. घर्षणाने लाख वितळते, लाकडाला चिकटते, आणि केवड्याच्या पानाने ती सारखी करून झळाळी आणतात. मी तासभर पाहत उभा होतो. आंबा, पेरू, सफरचंद, एकेक फळ डोळ्यादेखत लाकडातून बाहेर येत होतं. पांगाऱ्याचं लाकूड पूर्वी असायचं, आता आंब्याचं. खेम सावंतांच्या दरबारापासून चालत आलेली ही कला, मध्यंतरी मोडकळीला आली होती. शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवींनी गंजिफा आणि लाखकाम पुन्हा उभं केलं, हे सिंधुदुर्गात प्रत्येकाला माहीत आहे. त्या कारागिरांना मी माझी जुनी लाकडं दाखवली. त्यांनी बाभळीचा तुकडा हातात तोलला आणि म्हणाले, याला ठोकून नाही भागायचं, चकच घ्या.

यंत्राएवढाच पैसा सोबतच्या सामानाला राखून ठेवावा. हे लिहिताना माझ्या मनात कुठलाही किंतु नाही. लाख रुपयांचं बजेट असेल तर यंत्राला पन्नास, उरलेले पन्नास हत्यारांना, धारेला, चकाला आणि डोळे-फुप्फुसं वाचवायला. नवा माणूस नव्वद यंत्रात घालतो, मग बोथट पटाशीने लाकूड खरवडत बसतो आणि महिन्याभरात यंत्रावर कपडे वाळत घालतो.

हत्यारं फार नकोत. ओबड तुकडा गोल करायला एक जाड गोलची, बारीक घाटांसाठी एक छोटी गोलची, वाडग्यासाठी खोल नळीची एक, सपाट गुळगुळीत कापायला एक तिरकी पटाशी, तुकडा तोडायला एक पार्टिंग टूल, एक गोल नाकाचा स्क्रेपर. सहा. आमच्याकडे लोहाराकडून ट्रकच्या पाट्याचं पोलाद ठोकून पटाश्या करून घ्यायची पद्धत आहे आणि त्या उत्तम असतात. पण विजेच्या चाकावर घासताना ती निळी पडली की पाणी उतरलं समजायचं. दोन-अडीचशे अंशांतच त्यांची कड मऊ व्हायला लागते. हायस्पीड पोलादाची हत्यारं पाच-साडेपाचशे अंशांपर्यंत तग धरतात. बाभळीसारख्या लाकडाला आणि वाळू बसलेल्या जुन्या तुळयांना तीच घ्यावीत. लोहाराची पटाशी मी लाटण्याच्या शेवटच्या हातासाठी वापरतो. तिच्या इतकी तलम धार कशालाच येत नाही.

धारेचं चाक मंद फिरणारं घ्यावं, आठ इंची. आणि हत्यार प्रत्येक वेळी त्याच कोनात बसेल अशी जिग. खोल गोलचीला पंचेचाळीस ते पंचावन्न अंश, स्क्रेपरला सत्तरच्या पुढे. पहिले सहा महिने मी कोन हाताने साधायचा आग्रह धरला होता. प्रत्येक वेळी नवी गोलची हातात घेतल्यासारखं व्हायचं. जिग घेतल्यापासून मी दर दहा मिनिटांनी धार करतो, पाच सेकंदांत, आणि लाकूड सोललेल्या बटाट्याच्या सालीसारखं लांब, ओलं, सलग बाहेर येतं. भुसा उडायला लागला की धार गेली असं समजायचं. ढलपीच सगळं सांगते.

आजोळच्या लाकडांनी मला आणखी काही शिकवलं. घरातली जुनी तुळई कातायच्या आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवावं. तिच्यात खिळे असतात, दिव्याचे, पाळण्याचे, कुठल्या तरी मंडपाचे. आणि फटींमध्ये घट्ट बसलेली माती. वरचा इंचभर थर जुन्या हत्याराने काढावा, नवी धार तिथे घालवू नये. सागाच्या त्या खांबातून मी पहिलं लाटणं कातलं तेव्हा वरची काळी साल निघाली आणि आत मधासारखा रंग. तेलाचा वास अख्ख्या पत्र्याखाली पसरला. तीस वर्षं पत्र्याखाली, त्याआधी न जाणे किती वर्षं त्या घराच्या डोक्यावर, आणि आत ते अजून ताजं होतं. ते लाटणं आई वापरते. दुसरं मावशीला दिलं. तिचं भूकंपाच्या त्या रात्री सगळं गेलं होतं. तिने ते हातात घेतलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

काही खबरदारी कंटाळवाणी वाटेल, तरी सांगितलीच पाहिजे. हातमोजे घालू नयेत, ते बोटांसकट ओढले जातात. उपरणं, मफलर, गळ्यातली लांब माळ, पदर, मोकळे केस, सगळं बांधून घ्यावं किंवा बाहेर ठेवावं. लेथ सुरू करताना लाकडाच्या समोर उभं राहू नये, बाजूला उभं राहावं. चेहऱ्यावर पूर्ण ढाल हवी, नुसता चष्मा नव्हे. लाकडाची बारीक धूळ पिठासारखी दिसते पण फुप्फुसात कायमची बसते. काही लाकडांची धूळ, शिसवाची तर विशेष, अंगाला खाज आणते. मुखपट्टी कायम. माझ्या पत्र्याखाली ही सूचना मोठ्या अक्षरांत लावलेली आहे आणि तिच्याखाली लिंबाचा तो तुकडा टांगलेला आहे.

मग काठवट. गेल्या माघात वाऱ्यात शेताच्या बांधावरची जुनी चिंच पडली. चिंच, आंबा, साग ही झाडं महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत येतात, स्वतःच्या रानात असली तरी. म्हणून पडलेल्या झाडालाही करवत लावायच्या आधी आम्ही रीतसर विचारून घेतलं. खोडाचा तुकडा काढताना मधला केंद्रबिंदू बाहेर ठेवला. तो आत राहिला की काठवट तिथूनच उलते. चिंचेचं बाहेरचं लाकूड पिवळसर, आतला गाभा जांभळट काळा आणि जड. खाटकाचे ठोकळे ह्याचेच असतात. ओलं होतं, कापताना पाणी निथळत होतं. ओल्या लाकडाची काठवट एका दिवसात पुरी करायची नसते. जाड ठेवून कातायची, भिंत व्यासाच्या दशांश, म्हणजे दीड इंचाच्या आसपास. मग मेण लावून सावलीत ठेवायची. वाळताना ती वाकडी होणारच. आठ-दहा महिन्यांनी पुन्हा लेथवर चढवून शेवटचा हात.

पहिल्या बाजूला मी फेसप्लेट स्क्रूने ठोकळ्याच्या वरच्या अंगाला बसवली, कारण ती जागा पुढे पोखरून जाणार होती. पाठ कातली, पाठीवर चकासाठी गोल खाच केली, मग ठोकळा उलटा करून त्या खाचेत चकाचे जबडे उघडले. खालची बाजू कातताना टेलस्टॉक पुढे घेऊन त्याचं टोक मधोमध टेकवून ठेवलं होतं. लाकूड सुटू नये म्हणून. काम झाल्यावर टोक मागे घेतलं तर पाठीच्या मधोमध बोटाचं टोक बसेल एवढा खळगा उरला होता.

मी लेथ बंद केला आणि आजीची काठवट घरातून आणली. दोन्ही पाठी शेजारी शेजारी ठेवल्या. तिचा खळगा माझ्यापेक्षा थोडा खोल होता. दोरीचा चरक असेल, एक जण दोरी ओढणारा, एक जण कातणारा. लाकूड दोन टोकांत दाबून धरावं लागत असेल, म्हणून तो खोल. आता माझ्या काठवटीला तो खळगा बुजवायचा की ठेवायचा, हा प्रश्नच उरला नाही.

तेर आमच्यापासून जवळ आहे. गोरोबाकाकांचं गाव. भाजलेलं मडकं आणि कच्चं मडकं थापटण्याने वाजवून ओळखणारे गोरोबा, आणि संतांच्या डोक्यांवर थापटणं वाजवण्याची ती गोष्ट प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. कुंभाराच्या चाकाचा आणि कातारीच्या चरकाचा एक मोठा फरक मला तिथे उभं राहून जाणवला. कुंभाराला बिघडलेला घडा मोडून पुन्हा मातीचा गोळा करता येतो. लाकडातून गेलेलं परत येत नाही. पण वाजवून पाहायची रीत दोघांची एकच. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो, सुकलेल्याचा टणक, घुमणारा.

मी दर रविवारी काठवट वाजवतो आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो, आणि वहीत लिहितो. माघात ती ५ किलो ४६० ग्रॅम होती. चैत्र-वैशाखात भराभर उतरली, इतकी की भीती वाटून मी तिला पोत्यात गुंडाळलं. आषाढ-श्रावणात वजन पुन्हा थोडं चढलं, पावसाळी हवा लाकूड पिऊन घेतं. भाद्रपदात पुन्हा उतरणीला लागली. घटस्थापना झाली, तुळजापूरच्या रस्त्यावर पायी जाणाऱ्या भक्तांची रीघ लागली. दरवर्षी आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावाहून देवीचा नवा पलंग निघतो आणि दसऱ्याला तुळजापुरात येतो. सीमोल्लंघनानंतर देवी त्यावर विसावते. त्या आठवड्यात माझ्या वहीत ४ किलो १८० लिहिलंय. त्यानंतरच्या रविवारी ४ किलो १७५. आणि परवा पुन्हा ४ किलो १७५.

शेवटचा हात झाला की तिला जवसाचं तेल द्यायचंय, नाहीतर करडईचं. ही दोन्ही तेलं हवेत सुकतात आणि लाकडावर पापुद्रा धरतात. शेंगतेल सुकत नाही, खवट होतं. जवस आमच्याच रानातला आहे, घाण्यावरून काढून आणलाय. खोल गोलचीला काल रात्री धार केली. आईने ज्वारी निवडून ठेवली आहे आणि सकाळपासून दोनदा विचारून गेली, दळण कधी टाकू.